बिल्डरशिवाय पुनर्विकास : ठाण्यातल्या जुन्या सोसायटीने सुरुवात कुठून करावी

नौपाडा, चरई, पाचपाखाडी, कोपरी, कळवा. तळमजल्यावर तीन-चार मजले, लिफ्ट नाही, दर पावसाळ्यात गच्चीवर ताडपत्री, अशा इमारती या भागांत गल्लोगल्ली आहेत. त्यांत राहणारी माणसं बहुतेक निवृत्त किंवा निवृत्तीला आलेली. आज ठाण्यात घर घ्यायचं म्हटलं तर यांतल्या निम्म्यांना परवडणार नाही. ही माणसं ठाण्यात आहेत, कारण तीस-चाळीस वर्षांपूर्वी त्यांनी किंवा त्यांच्या आई-वडिलांनी सोसायटी करून घर घेतलं होतं. परवडणारी घरं म्हणजे सरकारच्या लॉटरीतली घरं असं आपण धरून चालतो. या जुन्या सोसायट्याही परवडणारी घरंच आहेत. त्या हातातून गेल्या की पुढची पिढी बदलापूर-वांगणीला जाते.

सोसायटीने स्वतःच विकासक व्हायचं, बँकेचं कर्ज काढायचं, ठेकेदार नेमायचा, जादा बांधकाम विकून कर्ज फेडायचं आणि उरलेला फायदा सभासदांत ठेवायचा, याला स्वयंपुनर्विकास म्हणतात. सहकारातून घर बांधणं आपल्याकडे नवं नाही. मुंबईत गामदेवीला सारस्वत गृहनिर्माण संस्था १९१५ मध्ये उभी राहिली. मी आमच्या सोसायटीचं सेक्रेटरीपद सांभाळत या सगळ्यातून गेलो आहे. इतकं ठामपणे सांगतो की यातला अवघड भाग बांधकाम नव्हे. कागद आणि माणसं ही दोन कामं नीट झाली की बाकीचं पैसे देऊन करून घेता येतं. म्हणून या लेखात पहिल्या तीन पायऱ्यांवर जास्त लिहिलं आहे.

१. आधी इमारतीची तब्येत तपासून घ्या

महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५अ प्रमाणे ३० वर्षांवरच्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं बंधनकारक आहे. ते पालिकेकडे नोंदणी असलेल्या अभियंत्याकडूनच करून घ्या. ठाण्यात अहवालावरून इमारत सी-१, सी-२ए, सी-२बी किंवा सी-३ अशा वर्गात जाते. सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करायची. सी-२ए मध्ये रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी मध्ये राहत्या घरात दुरुस्ती आणि सी-३ मध्ये किरकोळ काम.

इथे एक सापळा आहे. पुनर्विकास लवकर व्हावा म्हणून धडधाकट इमारत सी-१ मध्ये घालून घेण्याचा सल्ला देणारे भेटतात. तो ऐकू नका. नोटीस आली की घरं खाली करावी लागतात, आणि तेव्हा तुमच्याकडे ना मंजूर नकाशा असतो ना कर्ज. सभासद रस्त्यावर आणि सोसायटी हतबल, अशा वेळी जो बिल्डर येईल त्याच्या अटींवर सही होते. उलट इमारत खरोखर खचलेली असेल तर अहवाल दाबून ठेवू नका. ४ एप्रिल २०१३ ला शिळफाट्याजवळची लकी कंपाउंडमधली इमारत कोसळली आणि ७४ माणसं गेली. ती इमारत नवी आणि बेकायदा होती, आपल्या जुन्या इमारतींची गोष्ट वेगळी आहे. तरी स्लॅब खाली येताना कागद बघत नाही.

२. जमीन कोणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न सभेत विचारा. बहुतेक जण म्हणतील, "आपल्याच की!" मग मिळकत पत्रिका, म्हणजे प्रॉपर्टी कार्ड, काढा. ठाण्यात बऱ्याच जुन्या सोसायट्यांच्या पत्रिकेवर आजही मूळ जमीनमालकाचं किंवा कधीच गाशा गुंडाळलेल्या बिल्डरचं नाव दिसतं. फ्लॅट तुमच्या नावावर आहे, खालची जमीन सोसायटीच्या नावावर नाही. कन्व्हेयन्स, म्हणजे सोसायटीच्या नावे जमिनीचं अभिहस्तांतरण, झालेलं नसेल तर बँक कर्ज देत नाही आणि पुढची एकही पायरी चढता येत नाही.

कायद्याने ही जबाबदारी बिल्डरची. १९६३ च्या मोफा, म्हणजे मालकी हक्काच्या सदनिकांच्या कायद्याखाली सोसायटी नोंदल्यापासून चार महिन्यांत त्याने अभिहस्तांतरण करून द्यायला हवं. तो करत नसेल, सापडत नसेल किंवा वारला असेल आणि वारस दाद देत नसतील, तर मानीव अभिहस्तांतरण म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्स आहे, ते बिल्डरच्या सहीशिवाय सक्षम प्राधिकाऱ्याच्या आदेशाने होतं. सक्षम प्राधिकारी म्हणजे जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था. त्यांच्याकडे नमुना ७ मध्ये अर्ज करायचा. फाईलमध्ये साधारण हे लागतं :

- सोसायटीचं नोंदणी प्रमाणपत्र आणि अर्ज करण्याचा सर्वसाधारण सभेचा ठराव
- सातबारा आणि मिळकत पत्रिकेचे ताजे उतारे
- मंजूर नकाशा, बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र, भोगवटा प्रमाणपत्र
- सभासदांची यादी, प्रत्येकाच्या फ्लॅटच्या क्षेत्रफळासह
- सभासदांच्या नोंदणीकृत करारांच्या प्रती आणि सूची क्रमांक २
- बिल्डरने जमीनमालकाशी केलेला विकास करार, कुलमुखत्यारपत्र, मिळेल ते
- अभिहस्तांतरण करून द्या, अशी बिल्डर आणि जमीनमालकाला पाठवलेली नोटीस आणि तिची पोच
- वास्तुविशारदाचा क्षेत्रफळाचा दाखला

भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे ओसी, नाही म्हणून कित्येक सोसायट्या हातावर हात ठेवून बसतात. जून २०१८ च्या शासन निर्णयानुसार ओसी नसेल तर स्वयंघोषणापत्र देऊन अर्ज करता येतो. पालिकेच्या नगररचना विभागाकडे माहिती अधिकारात अर्ज केला तर जुने नकाशे आणि प्रमाणपत्रांच्या प्रतीही बऱ्याचदा मिळतात. त्यासाठी मूळ व्हीपी क्रमांक, म्हणजे पालिकेतल्या बांधकाम परवानगीच्या फाईलचा क्रमांक, शोधून ठेवा. तो जुन्या करारात कुठेतरी सापडतोच.

आता सगळ्यात जास्त फसगत होते ती जागा. उपनिबंधकांचा आदेश हातात पडला की पेढे वाटले जातात आणि फाईल कपाटात जाते. आदेश म्हणजे अर्धं काम. त्यानंतर दस्ताचा मुद्रांक कार्यालयात अभिनिर्णय (किती मुद्रांक शुल्क लागतं याचा निर्णय) करून घ्यायचा, दुय्यम निबंधकाकडे दस्त नोंदवायचा आणि शेवटी नगर भूमापन कार्यालयात फेरफार करून मिळकत पत्रिकेवर सोसायटीचं नाव चढवायचं. ते नाव छापलेला उतारा हातात येईपर्यंत काम झालं असं समजू नका.

एकाच मोठ्या भूखंडावर तीन-चार इमारती असतील तर आणखी सावध राहा. तुमच्या इमारतीखालची जमीन आणि मोकळ्या जागेतला तुमचा हिस्सा आदेशात चौरस मीटरमध्ये लिहून आला पाहिजे. नुसतं "अविभाज्य हिस्सा" एवढंच आलं तर पुढे शेजारच्या सोसायट्यांशी भांडण ठरलेलं.

उतारा हातात आला की "इतर हक्क" हा रकाना भिंग लावून वाचा. ठाण्यात हमखास आढळणाऱ्या नोंदी अशा : नागरी जमीन कमाल धारणा कायद्याच्या कलम २० ची नोंद, भोगवटादार वर्ग २ (सरकारी परवानगीशिवाय हस्तांतर न होणारी जमीन), खाजगी वन, कुळाचं नाव. यांतली कुठलीही असेल तर आधी जिल्हाधिकारी कार्यालयाचं काम, त्यासाठी भरायचं अधिमूल्य (प्रीमियम), मग पुढची बोलणी. येऊरच्या पायथ्याशी असाल तर राष्ट्रीय उद्यानाभोवतीचं संवेदनशील क्षेत्र, खाडीकाठी असाल तर सीआरझेड (किनारा नियमन क्षेत्र) आणि कोलशेतच्या बाजूला असाल तर हवाई दलाच्या तळामुळे येणारी बंधनं तपासा. वर्तकनगरसारख्या म्हाडा वसाहतीत कोकण मंडळाची ना-हरकत लागते. किसननगर, हाजुरी, राबोडी, लोकमान्यनगर अशा क्लस्टर योजनेच्या (अख्ख्या वस्तीच्या एकत्रित पुनर्विकासाच्या) पट्ट्यात असाल तर आपला भूखंड नागरी पुनरुत्थान आराखड्यात आला आहे का, हे पालिकेतून लेखी घ्या. तोंडी उत्तरावर एक रुपयाही खर्च करू नका.

३. माणसं आणि मोजमाप

पुनर्विकास अडतो तो बहुतेक वेळा एका-दोघांच्या शंकेवर. शंका साध्या असतात आणि खऱ्याही. माझं घर परत मिळेल का? कोणत्या मजल्यावर? मध्येच काम थांबलं तर भाडं कोण देणार? मी जगलो-वाचलो नाही तर मुलीच्या नावावर होईल का? या प्रश्नांना "होईल हो, काळजी करू नका" हे उत्तर नव्हे. प्रत्येक घरी जाऊन बसा, प्रश्न लिहून घ्या आणि उत्तरं लेखी द्या. आम्ही सगळ्या शंका एका वहीत उतरवल्या आणि ज्याचं उत्तर आलं त्यासमोर तारीख टाकून ती वही नोटीस बोर्डाखाली टांगून ठेवली. सभेतले वाद निम्म्यावर आले.

सभासदत्वाचे कागद आत्ताच नीट करा. मूळ सभासद वारले, नॉमिनी एक आणि वारस चार, ही गोष्ट प्रत्येक जुन्या इमारतीत एकदा तरी आहे. नॉमिनीच्या नावावर शेअर सर्टिफिकेट झालं म्हणजे तो मालक झाला असं नाही, वारसांचा हक्क शिल्लक राहतो. नवीन घराचा करार कोणाच्या नावाने करायचा हे तेव्हा अडतं, आणि तेव्हा हातात वेळ नसतो. वारसांना आपसांत बसायला लावा, हक्कसोडपत्र किंवा न्यायालयाचा वारस दाखला जे लागेल ते सुरू करून द्या. ज्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क कमी भरलेलं आहे किंवा करार नोंदलेलाच नाही, त्यांची वेगळी यादी करा. थकबाकीदारांकडे वसुली सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १५४ब-२९ खाली होते, पण आधी हप्ते बांधून द्या. चार वर्षं मेंटेनन्स न भरलेला माणूस बहुतेकदा अडचणीत असतो, आणि हे सगळं ज्यांना घर सोडावं लागू नये म्हणून करतोय त्यांत तोही आहे.

मग मोजमाप. नवीन घर किती मोठं मिळणार हे जुन्या कार्पेटवर, म्हणजे भिंतींच्या आतल्या क्षेत्रावर, ठरतं, त्यामुळे इथे प्रत्येक इंचाला महत्त्व येतं. लेझर मीटर घेऊन अभियंता घरात शिरला की काय होतं ते सांगतो. पहिल्या मजल्यावर बाल्कनी आत घेऊन देवघर केलेलं असतं. दुसऱ्या मजल्यावर खिडकीच्या ग्रिलमध्ये भांड्यांचं कपाट आणि धुणं वाळत घालायची दोरी. तळमजल्यावर मागच्या दारी ओटा, त्यावर पत्रा आणि पत्र्याखाली पिठाची चक्की. प्रत्येकाचं म्हणणं एकच : हे माझ्या घरातच धरा. वीस वर्षं वापरलेली जागा त्याला आपलीच वाटणार, त्यात गैर काही नाही.

म्हणून मीटर आत जाण्याआधी ठराव करा. मंजूर नकाशातलं कार्पेट हाच पाया, नकाशात नसलेली वाढ कोणाचीच धरायची नाही, चेअरमनचीही नाही. ठराव आधी झालेला असला की अभियंता फक्त आकडा लिहितो. आकडा लिहिला की त्याच तक्त्यावर सभासदाची सही घ्या आणि तक्ता सगळ्यांना वाटा. शेजाऱ्याचा आकडा दिसला की संशय जातो.

नवीन इमारतीत मजला आणि दिशा कशी ठरवायची, हेही याच टप्प्यावर ठरवा. जुन्या मजल्याच्या क्रमाने, चिठ्ठी टाकून किंवा वयस्कर आणि अपंग सभासदांना पहिली निवड देऊन, यांतलं काही चालेल. पण ठराव हवा आणि तो सहा महिन्यांनी फिरवायचा नाही.

४. किती बांधता येईल, याचा प्राथमिक अहवाल

ठाणे आणि नवी मुंबई महापालिकांना डिसेंबर २०२० पासून एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू आहे. मुंबईतल्या मेहुण्याच्या सोसायटीला काय मिळालं ते इथे लागू होत नाही, कारण मुंबईची नियमावली वेगळी. दाटवस्ती सोडून इतर भागात पायाभूत चटईक्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल) १.१ आहे. समोरचा रस्ता ९ मीटर किंवा जास्त असेल तर त्यावर अधिमूल्य भरून ०.५ आणि रस्त्याच्या रुंदीप्रमाणे टीडीआर (दुसऱ्या जागेचा विकत घेतलेला बांधकाम हक्क). ९ ते १२ मीटरला तो ०.४. रस्ता ९ मीटरच्या आत असेल तर हे दोन्ही मिळत नाहीत. म्हणून पहिली टेप रस्त्यावर लावा आणि विकास आराखड्यात रस्त्याची रुंदी किती दाखवली आहे तेही बघा.

तीस वर्षांवरच्या सोसायट्यांना प्रोत्साहनपर चटईक्षेत्र वेगळं आहे. सध्याच्या अधिकृत बांधकामाच्या ३० टक्के किंवा प्रत्येक सदनिकेमागे १५ चौरस मीटर, यांत जास्त असेल ते. समजा २४ सदनिका आहेत आणि अधिकृत बांधकाम १,०८० चौरस मीटर. ३० टक्के म्हणजे ३२४. सदनिकेमागे १५ धरले तर ३६०. म्हणजे ३६० मिळतील. लहान घरांच्या सोसायटीला दुसरा हिशेब फायद्याचा पडतो. याशिवाय जिना, लिफ्ट, बाल्कनी यांसाठी निवासी बांधकामावर ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र अधिमूल्य भरून घेता येतं.

शेजारची सोसायटीही तुमच्याच वयाची असेल तर एकत्र येण्याचा विचार जरूर करा. छोट्या भूखंडावर पार्किंग बसवतानाच निम्मी इमारत खर्ची पडते. कुंपण काढलं की दोघांचं पार्किंग आणि अग्निशमन दलाच्या गाडीची वाट सुटते.

अहवालात विक्रीसाठी किती क्षेत्र उरतं ते बघा. त्या विक्रीतून बांधकाम, अधिमूल्य, टीडीआर, भाडं, व्याज आणि सल्लागारांची फी निघते का? विक्रीचा दर जाहिरातीतला धरू नका. परिसरात प्रत्यक्ष नोंदलेल्या करारांचे दर बघा, तेही जुन्या गल्लीतले, घोडबंदरच्या टॉवरचे नव्हेत. हिशेब बसत नसेल तर सभासदांना तसं सांगा. घराचं क्षेत्र थोडं कमी करून बसतो का ते बघा किंवा सरळ मोठी दुरुस्ती करा. प्रत्येक इमारतीला स्वयंपुनर्विकास जमतोच असं नाही.

५. सभा आणि ठराव

सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम ७९अ खालचा ४ जुलै २०१९ चा शासन निर्णय सेक्रेटरीने पाठ करावा असा आहे. विशेष सर्वसाधारण सभेची १४ दिवस आधी नोटीस, दोन तृतीयांश गणपूर्ती, एकूण सभासदांपैकी किमान ५१ टक्क्यांची लेखी संमती, सभेचं चित्रीकरण. यातली बरीच कलमं बिल्डर निवडण्याविषयी आहेत, पण स्वयंपुनर्विकासातही हीच शिस्त पाळा. उद्या कोणी सहकार न्यायालयात गेलं तर तुमच्या बाजूने बोलणार ते इतिवृत्त, पोच आणि चित्रीकरण.

५१ टक्के झाले की सुरू करू, असं मात्र करू नका. बिल्डर बहुमतावर चालू शकतो, त्याच्यामागे वकिलांची फौज असते. सोसायटीला एकमेकांकडे बघून पुढची तीन-चार वर्षं काढायची आहेत. नव्वदच्या पुढे गेल्याशिवाय पहिला मोठा खर्च करू नये, हे माझं मत.

१३ सप्टेंबर २०१९ च्या शासन निर्णयात स्वयंपुनर्विकासाला एक खिडकी, सहा महिन्यांत परवानग्या, अधिमूल्यात सवलत आणि ४ टक्के व्याज सवलत असं बरंच काही नमूद आहे. २०२५ च्या राज्य गृहनिर्माण धोरणातही स्वयंपुनर्विकासाला जागा दिली आहे. यातलं काय आपल्याला लागू होतं ते वास्तुविशारदाकडून लेखी घ्या, अर्ज जरूर करा, पण प्रकल्पाच्या हिशेबात सवलतीचा पैसा धरू नका. आला तर तो कॉर्पसमध्ये, म्हणजे सोसायटीच्या कायम निधीत, जाईल.

६. कोणाला नेमायचं?

वास्तुविशारद, प्रकल्प व्यवस्थापन सल्लागार म्हणजे पीएमसी, आरसीसी सल्लागार, वकील, सनदी लेखापाल. वास्तुविशारद आणि पीएमसी शासनाच्या किंवा पालिकेच्या तालिकेवरचे असावेत. कमिटीतल्या कोणाचा नातेवाईक नको, कितीही चांगला असला तरी. फी कामाच्या टप्प्यांना बांधा : नकाशा मंजूर झाला की इतकी, जोत्याला इतकी, ओसीला शेवटची.

"सगळं आमच्यावर सोडा, पैसेही आम्हीच आणतो" असं सांगणारे पीएमसी दारात येतील. पैसे तो आणणार, ठेकेदार त्याचा, विक्रीही त्याच्या हातात, मग तो बिल्डरच झाला, फक्त जबाबदारी त्याच्यावर नाही. सोसायटीचं खातं, सोसायटीच्या सह्या, निविदा सोसायटीने उघडायच्या, यात तडजोड नको.

ठेकेदाराच्या करारात बँक हमी, प्रत्येक बिलातून राखून ठेवायची रक्कम, सिमेंट-लोखंडाचे भाव वाढले तर कोणी किती सोसायचं आणि उशिराचा दंड, या चार गोष्टी सोप्या मराठीत सभासदांना वाचून दाखवा. त्याने पूर्ण केलेली इमारत बघायला जा आणि तिथल्या सेक्रेटरीशी एकट्याने बोला. शक्य तर पावसाळ्यात जा, गळती तेव्हाच दिसते.

७. पैसा

या कर्जाची वाट मुंबई जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेने पाडली. चारकोपच्या श्वेतांबरासारख्या सोसायट्या त्या वाटेने उभ्या राहिल्या. ठाणेकरांनी राज्य सहकारी बँक आणि मोठ्या नागरी सहकारी बँकांकडे चौकशी करावी. बँक सहसा हे बघते : मिळकत पत्रिकेवर सोसायटीचं नाव, सभासदांच्या लेखी संमती, लेखापरीक्षणाचे अहवाल, प्रकल्प अहवाल आणि विक्रीसाठीचं क्षेत्र. कर्ज टप्प्याटप्प्याने सुटतं, व्याज मात्र पहिल्या टप्प्यापासून चढतं.

कर्ज मंजूर होण्याआधीचा खर्च, म्हणजे ऑडिट, कन्व्हेयन्स, वकील, प्राथमिक आराखडे, सोसायटीला स्वतः करावा लागतो. त्यासाठी प्रत्येकाकडून सारखी वर्गणी काढा, वेगळं खातं ठेवा आणि दर महिन्याचा जमाखर्च बोर्डावर लावा. निवृत्तिवेतनावर जगणाऱ्यांना हप्ते द्या.

गहाण काय ठेवतोय ते नीट वाचा. शक्यतो विक्रीचा भागच तारण राहील आणि सभासदांची घरं बाहेर राहतील, अशी बोलणी करा. बँक लगेच मान्य करणार नाही, तरी लावून धरा.

८. परवानग्या आणि महारेरा

पालिकेची बांधकाम परवानगी, अग्निशमन, वृक्ष प्राधिकरण, पाणी आणि मलनिस्सारण विभाग हे सगळं वास्तुविशारद करतो. तुम्ही फक्त मालमत्ता कर आणि पाणीबिल थकवू नका.

जादा फ्लॅट विकणार असाल आणि भूखंड ५०० चौरस मीटरच्या वर आणि फ्लॅटही आठच्या वर असतील, तर महारेरात, म्हणजे राज्याच्या स्थावर संपदा प्राधिकरणात, नोंदणी लागते आणि सोसायटी प्रवर्तक ठरते. नोंदणीआधी जाहिरात करता येत नाही. एखाद्या उत्साही सभासदाने व्हॉट्सॲपवर "बुकिंग सुरू" असं टाकलं तरी ती जाहिरातच. नोंदणीकृत कराराआधी १० टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, आणि खरेदीदारांच्या पैशातले ७० टक्के वेगळ्या खात्यात ठेवावे लागतात. नव्या खरेदीदारांना पाच वर्षं बांधकामातल्या दोषांची हमी सोसायटीने द्यायची असते. तितकीच हमी ठेकेदाराकडून लिहून घ्या.

९. नकाशावर सही करण्याआधी मेंटेनन्सचा हिशेब

सभासद नव्या घराचं क्षेत्र बघतात, महिन्याचं बिल कोणी बघत नाही. जलतरण तलाव, जिम, काचेची लॉबी, यांत्रिक पार्किंग. मग बिल चारपट येतं आणि नवीन घरात राहायला आलेले आजी-आजोबा दोन वर्षांत ते विकून निघून जातात. बिल्डरच्या टॉवरमध्ये हे ठरवणं तुमच्या हातात नसतं. स्वयंपुनर्विकासात असतं, आणि सगळा खटाटोप त्यासाठीच करायचा.

आम्ही प्रत्येक सोयीसमोर तिचा महिन्याचा अंदाजी खर्च लिहून तक्ता सभेत ठेवला. दोन लिफ्ट, जनरेटर, गच्चीवर सौर पॅनल, पावसाचं पाणी साठवण आणि तळमजल्यावर एक खोली राहिली. तलाव आणि जिम सर्वांनी मिळून काढून टाकले. विक्रीचे फ्लॅटही सगळे मोठे ठेवू नका. थोडे वन बीएचके ठेवा, ते लवकर जातात. आधी आपल्याच भाडेकरूंना, सभासदांच्या मुला-मुलींना आणि गल्लीतल्या शिक्षक-नर्स-रिक्षाचालकांना त्यांची माहिती द्या, अर्थात महारेरा क्रमांक आल्यावरच.

१०. घर खाली करणं

बांधकाम प्रारंभ प्रमाणपत्र आणि कर्जाचा पहिला टप्पा, दोन्ही हातात आल्याशिवाय एकाही कुटुंबाने घर सोडू नये. त्याआधी प्रत्येक सभासदाशी सोसायटीचा नोंदणीकृत करार : नवीन क्षेत्र, मजला, भाडं, मुदत.

भाड्याची घरं शोधायला मदत करा. एकाच वेळी सगळी इमारत बाहेर पडली की आसपासची भाडी वाढतात. शाळा जूनमध्ये सुरू होतात, म्हणून मे महिन्यात हलणं बरं. ११ महिन्यांचे करार संपताना भाडं वाढतं, त्याची तरतूद भाड्याच्या तक्त्यात करा. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची घरं शक्यतो एकाच इमारतीत बघा आणि औषधाचं दुकान, दवाखाना पायी अंतरावर असेल असं पाहा. वीज महावितरणकडून, कळवा-मुंब्र्यात टोरंटकडून, आणि गॅस महानगर गॅसकडून रीतसर तोडून घ्या. पावत्या सोसायटीच्या फाईलला.

११. काम चालू असताना

तीन सभासदांची बांधकाम समिती करा, त्यात एक तरी कमिटीबाहेरचा असावा. दर आठवड्याला साइटवर जा, काँक्रीटच्या क्यूब टेस्टचे अहवाल मागा, महिन्याला फोटो आणि खर्चाचा तक्ता सगळ्यांना पाठवा. बिलावर पीएमसीचं प्रमाणपत्र नसेल तर चेक नाही. जोत्याचं प्रमाणपत्र घेतल्याशिवाय वरचं काम पुढे नेऊ नका, आणि ओसी मिळाल्याशिवाय कोणाला राहायला येऊ देऊ नका, कितीही घाई असली तरी. ओसी नसलेल्या इमारतीत राहणं म्हणजे काय, हे जुन्या सोसायट्यांना वेगळं सांगायला नको. नवीन खरेदीदारांना सभासद करून घेऊन शेअर सर्टिफिकेट द्या.

नवी मुंबईतल्या सोसायट्यांसाठी

तिथे जमीन सिडकोची. मूळ वाटप ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर, त्यामुळे दुसऱ्या पायरीत कन्व्हेयन्सच्या जागी सिडकोसोबतचा भाडेपट्टा करार शोधा. तो सोसायटीच्या नावे नोंदलेला आहे का, उरलेली मुदत किती, आणि सगळ्या फ्लॅटची हस्तांतरणं सिडकोच्या नोंदीत आली आहेत का, ते तपासा. नुसत्या कुलमुखत्यारपत्रावर विकले गेलेले फ्लॅट वाशी-नेरुळमध्ये पुष्कळ आहेत आणि ना-हरकत मागताना नेमके तेच आडवे येतात. वाशीच्या सिडकोने बांधलेल्या जेएन टाइप वसाहतींप्रमाणे एका आवारात अनेक इमारती आणि वर अपेक्स संस्था (सगळ्यांची मिळून शिखर संस्था) असेल तर ठराव कोणी करायचा हे आधी उपनिबंधकांकडून (सिडको क्षेत्राचे वेगळे आहेत) लेखी घ्या. विमानतळामुळे इमारतीच्या उंचीसाठी विमानतळ प्राधिकरणाची ना-हरकत लागू शकते. तिचा अर्ज नकाशा पालिकेत देण्याआधीच टाकून ठेवा.